चार जाड तारा

"आज तुम्ही वाजवत नाही का हो?" वासंतीने ओट्याकडे तोंड करून, मागे न वळता विचारलं आणि सर्जेरावचं बोट तारेवर होतं तिथेच थांबलं. कारण त्या घटकेला तो वाजवतच होता. रविवारची सकाळ होती, हडपसरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतून ऊन आत सरकत होतं, आणि तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून, बेस गिटारचं टोक सागवानी कपाटाच्या दाराला टेकवून चांगला पाऊण गाणं पुढे गेला होता. आधी त्याला वाटलं, टोमणा असेल. पुण्याच्या बायकोने विचारलेला प्रश्न हा प्रश्न असतोच असं नाही, हे मांजरी गावच्या मळ्यातून आलेल्या माणसाला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं. म्हणून तो हसून म्हणाला, "मग हे काय चाललंय?" ओट्याकडून उत्तर आलं नाही. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला. त्याने सगळ्यांत जाड तार खेचून सोडली. कपाटाच्या दारातला आरसा थरथरला, आरशातली खोली थरथरली, पण वासंतीच्या पाठीवर काही उमटलं नाही. ती पोहे परतत राहिली. मग मीठ घ्यायला वळली तेव्हा तिला त्याच्या मांडीवरची गिटार दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी भरकन सरकून गेलं. "बसलात होय? वाजवा की," ती म्हणाली. आणि सर्जेराव, ज्याला बायकोशी खोटं बोललेलं आजवर कधी पचलं नव्हतं, तो तिच्याकडे बघत सावकाश म्हणाला, "हो, आता सुरूच करतोय."

पोहे त्याने खाल्ले, पण त्यांत मीठ होतं की नव्हतं हे त्याला सांगता आलं नसतं. बेस गिटारला स्वतःचा असा आवाज नसतो, ही गोष्ट त्याला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावी लागली होती. साध्या गिटारीला पोकळ पोट असतं, ती कुठेही बसून गाऊ शकते. ही नुसती भरीव लाकडाची फळी आणि तिच्यावर चार जाड तारा. ॲम्पला, त्या आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडली तर बोलणार, नाहीतर ओठातल्या ओठात पुटपुटणार. सर्जेरावने पहिल्यांदा ती मांजरीला घरी नेली तेव्हा वडिलांनी, गेनबांनी, गुरांसाठीचं उसाचं वाढं बाजूला टाकून ती हातात घेतली होती, उलटीसुलटी केली होती. "चारच तारा हाईत व्हय? बाकीच्या दोन कुठं गेल्या?" असं विचारलं होतं आणि पोराला दुकानदाराने फसवलं अशी खात्री करून घेऊन ते पुन्हा कामाला लागले होते. त्याला हे वाद्य मिळालं तेही त्याच्या गळ्यामुळे किंवा कानामुळे नव्हे, पंजामुळे. कॅम्पातल्या कादरभाईंच्या ऑर्केस्ट्रात जो बेस वाजवायचा तो दुबईला निघून गेला आणि कादरभाईंनी, तोवर स्टेजवर पेट्या चढवणाऱ्या सर्जेरावचा हात धरून उजेडात पाहिला. "ऊस सोलणारा हात आहे. ह्या तारा ह्यालाच जुमानतील," एवढीच त्याची परीक्षा. दिवसा हडपसरच्या कारखान्यात स्टोअरकीपरचं काम आणि गणपती-नवरात्रात, लग्नसराईत कादरभाईंची पार्टी. गायिकेवर उजेड असायचा, गायकावर असायचा, ढोलकीवाल्यालासुद्धा शिट्ट्या मिळायच्या. बेसवाला सगळ्यांत मागे, ड्रमच्या शेजारी, जिथे फक्त डास असायचे. त्याला याचं वाईट वाटायचं नाही. खरं म्हणजे बरंच वाटायचं. लोकांच्या नजरेआड राहून लोकांच्या पोटात शिरायचं, हा उद्योग त्याच्या स्वभावाला मानवला होता.

ॲम्प मात्र त्याच्या मालकीचा कधीच नव्हता. तो कार्यक्रमापुरता माइकवाल्याचा असायचा आणि कार्यक्रम संपला की टेम्पोत चढून जायचा. मग घरी सराव कसा करायचा? ती युक्ती कादरभाईंनीच दाखवली होती. गिटारचं टोक लाकडाला घट्ट टेकव, लाकूड बोलायला लागतं. सर्जेरावने घरात सगळं करून पाहिलं. खाट पुटपुटली, पाट घुमलाच नाही, दाराची फळी खुळखुळली. मग वासंती आली आणि तिच्याबरोबर तिच्या वडिलांनी दिलेलं सागवानी कपाट आलं, आणि त्या कपाटाला टोक टेकवल्याबरोबर असा भरदार, मऊ सूर आला की त्याने घाबरून हात मागे घेतला. आत साड्या होत्या, रजया होत्या. त्यांच्यातून गाळून आलेला तो आवाज होता. वासंती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. संध्याकाळी पोरांच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन ती त्याच कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसायची. पहिल्यांदा त्याने वाजवलं तेव्हा ती वही तपासता तपासता म्हणाली, "पाठीत मुंग्या येतायत." तो ओशाळून थांबला. थोड्या वेळाने तिने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "थांबायला कोणी सांगितलं?" झालं. त्या दोघांत प्रेमाची म्हणून जी काही बोलणी झाली असतील त्यांतलं हे सगळ्यांत उघड. पुढे मुलगी झाली, मांजरीची जमीन भावाभावांत वाटली गेली, मग बिल्डरकडे गेली, सोन्याच्या दराने घेतलेला हा फ्लॅट आला. कपाट प्रत्येक वेळी आधी चढवलं गेलं, मग बाकीचा संसार. आणि सर्जेरावला आता, पोह्यांची रिकामी बशी हातात घेऊन उभा असताना, आठवेना की वासंती त्या कपाटाला पाठ टेकून शेवटची कधी बसली होती. गुडघे धरायला लागल्यापासून ती जमिनीवर बसत नव्हती, खुर्ची घेऊन त्याच्या समोर बसायची, हे त्याला माहीत होतं. त्यापलीकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

तिच्या कानाबद्दल त्याच्या मनात अंधुक काहीतरी होतंच. ते नव्हतं असं म्हणणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकणं. बंगळुरूहून मुलीचा फोन आला की ती हल्ली फोन त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, मेसेज कर म्हणावं, सावकाश वाचते. टीव्हीवरच्या मालिकेतली माणसं दाराबाहेरून ओरडल्यासारखी बोलायची. हळदीकुंकवाला जायचं तिने सोडलं होतं. "त्याच त्या बायका आणि तेच ते मसाले," असं कारण होतं आणि वासंतीच्या तोंडी ते इतकं शोभून दिसायचं की कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. तिचा तिरकसपणा हा असा चांगला आडोसा होता. एकदा त्याने आडून आडून सुचवून पाहिलं होतं, "दोघंही एकदा कान तपासून घेऊ या का?" त्यावर ती म्हणाली होती, "तुमचे तपासा. केर काढायला हाक मारते तेव्हा ते कुठे जातात ते तरी कळेल." तो हसला होता आणि त्याने कानाडोळा केला होता. आता वाटत होतं, आपण हसलो ते सोयीचं होतं म्हणून हसलो. कारण त्याच्या मनाच्या तळाशी एक समजूत होती, आणि ती कारखान्यातून आलेली होती. प्रेसशॉपमध्ये, जिथे दिवसभर पत्र्यावर घण पडायचे, तिथल्या जुन्या लोकांचे कान जायचे. पण कसे जायचे? वरून. त्यांना सायकलची घंटी ऐकू यायची नाही, सुनेची हाक ऐकू यायची नाही, गेटवर ट्रक आला की मात्र आधी त्यांना कळायचं. बारीक आवाज आधी जातो, जाड शेवटपर्यंत राहतो. सर्जेरावने यावरून परस्पर निकाल देऊन टाकला होता. वासंतीचं ऐकणं कमी होईल, पाखरं जातील, कुकरची शिट्टी जाईल, जगातले सगळे गायक जातील, पण आपण तळाला आहोत. आपण शेवटी जाऊ. सगळं आवरल्यावर मागे राहून दिवे बंद करणाऱ्या माणसासारखे.

आणि म्हणून रविवारपासून त्याच्या पोटात जो खड्डा पडला होता तो काही केल्या भरेना. "पब्लिकला बेस ऐकू येत नाही सर्ज्या," कादरभाई म्हणायचे. "पण बंद पडला ना, की पब्लिकच्या पोटात खड्डा पडतो." हे वाक्य त्याने वर्षानुवर्षं सोन्याच्या ताईतासारखं बाळगलं होतं, आणि एका गणपतीत ते साफ खोटं ठरलं होतं. मध्यंतरात मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पाहुण्यांसाठी सोफा सरकवला आणि सोफ्याच्या पायात अडकून बेसची वायर निसटली. सर्जेराव ड्रमला खेटून उभा. ड्रमच्या दणक्याने फळ्या हादरत होत्या आणि ते हादरणं त्याला आपलंच वाटलं. पुढचा सगळा कार्यक्रम तो जीव ओतून वाजवत राहिला आणि त्यातला एक सूरही बाहेर गेला नाही. सामान आवरताना वायरीचं टोक त्याला धुळीत पडलेलं सापडलं. कुणाला कळलं नव्हतं. गायिकेला नाही, ड्रमवाल्याला नाही, हजारभर माणसांपैकी कुणाच्या पोटात काही पडलं नव्हतं. कादरभाईंनासुद्धा कळलं नव्हतं. ते आधी हसले आणि मग त्याचं तोंड बघून त्याच्यासाठी चहा आणायला गेले. परत येताना स्कूटरवर मागे बसलेली वासंती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "मध्यंतरानंतर कुठे गेला होतात?" "कुठे म्हणजे? स्टेजवर होतो." "दिसत होतात," ती म्हणाली. "पण नव्हता." सर्जेरावने तेव्हा स्कूटर बाजूला घेतली होती, प्लगमध्ये कचरा आलाय असं सांगून. प्लग स्वच्छ होता. त्याला जरा वेळ पाठमोरं उभं राहायचं होतं.

तर प्रश्न असा होता. त्याला ऐकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माणूस त्याला म्हणालं होतं, आज वाजवत नाही का.

त्याच आठवड्यात त्याने फोनवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला सुरुवात केली. वारज्याला एक ॲम्प होता. खास बेसचा, मोठ्या स्पीकरचा, काळा, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या घातलेला. वापर कमी, किंमत त्याच्या खिशाला झेपेल अशी. फोटोत त्याच्यावर कुणीतरी मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. तो फोटो सर्जेराव सकाळी गॅलरीत बघायचा, दुपारी बघायचा, भाजी आणायला गेला की मंडईच्या दाराशी उभा राहून बघायचा. कपाटाच्या पुटपुटण्यापेक्षा हा किती मोठ्याने बोलेल! भिंतीतून बोलेल, फरशीतून बोलेल. बिचाऱ्या कपाटाचा दोष असेल, तिच्या कानाचा नसेल. एवढं वाटून त्याला हुशारी यायची आणि लगेच मागून दुसरा विचार यायचा. समज, आणला. समज, जोडला, वाजवला, आणि ती ओट्याशी पोहे परततच राहिली. मग? आज निदान कपाटावर ढकलता येतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. ॲम्प आणणं म्हणजे पैसे देऊन मूठ उघडायची, हात दाखवून अवलक्षण. मग तो फोन खिशात टाकायचा आणि भेंडी घ्यायला विसरून घरी यायचा. आणि घरी आल्यावर, आता जे दिसू नये असं वाटत होतं ते सगळं दिसायचं. दारावरची बेल वाजली की ती आधी त्याच्याकडे बघायची. तो उठायला लागला तर उठायची. तो बोलायला लागला की तिची नजर त्याच्या डोळ्यांवरून खाली ओठांवर यायची आणि तिथेच थांबायची. साठीला आल्यावर नवऱ्याच्या ओठांकडे कोण बघतं? त्याला एकदम तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्याने मुद्दाम ताकात मीठ नाही म्हणून कुरकुर केली.

शेवटी एका संध्याकाळी त्याने तिला फोटो दाखवला. कारण सांगितलं नाही. हौस आहे म्हणाला. वासंतीने चष्मा वर करून फोटो पाहिला. "या वयात लोक गुडघ्याचा पट्टा घेतात," ती म्हणाली.

"नुसता बघून यायचा. घ्यायलाच पाहिजे असं नाही."

"बघून येणारे तुम्ही! मुलीला झबलं बघायला गेलात आणि सायकल घेऊन आलात. मी येते बरोबर."

"तू कशाला? तुला काय कळणार त्यातलं?" हे बोलून गेल्यावर सर्जेरावने जीभ चावली. पण ती त्याच्या ओठांकडे बघत होती आणि तिला राग आलेला दिसला नाही. ती म्हणाली, "कळत नाही म्हणूनच येते. कळणारी दोन माणसं एका जागी जमली की फसवणूक होते."

शनिवारी गिटार पिशवीत घालून, पिशवी पाठीला लावून तो निघाला. हडपसरहून स्वारगेट आणि स्वारगेटहून वारजे, अख्खं शहर आडवं कापायचं. बसमध्ये वासंती खिडकीशी बसली. सगळ्या गावाची धूळ आणि हॉर्न आत येत होते. मागे एक कॉलेजातली मुलगी फोनवर कुणाला तरी मोठमोठ्याने समजावत होती, "अरे यार, तू चिल कर ना, मी बघते," आणि वासंती शांतपणे बाहेर बघत होती, देवळातून बाहेर पडलेल्या माणसासारखी. सर्जेरावच्या मनात आलं, हिच्या आत आता कसं असेल? पाण्यात बुडी मारल्यावर असतं तसं? की मांजरीला दुपारी उसात शिरल्यावर असतं तसं, की आपल्या पावलांची सळसळ तेवढी राहते आणि बांधावरून हाका मारणारी माणसं कुठच्या कुठे जातात? लहानपणी त्याला त्या उसात भीती वाटायची. आई हाका मारत असेल आणि आपल्याला कळतच नसेल. कंडक्टर आला. त्याने वासंतीला विचारलं, "मावशी, कुठं?" तिने नुसतं त्याच्याकडे प्रसन्नपणे पाहिलं, आणि सर्जेराव म्हणाला, "दोन वारजे द्या." म्हणाला आणि चपापला. हे आपण आज पहिल्यांदा केलेलं नाही. दुकानात, बँकेत, लग्नघरी, तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आपण कितीतरी दिवस देत आलोय. म्हणजे हाताला ठाऊक होतं, तोंडाला ठाऊक होतं, एक आपल्यालाच काय ते ठाऊक नव्हतं. परत फिरावं असं त्याला फार वाटलं. सांगावं, पोटात दुखतंय. वासंतीने पर्समधून आवळ्याची सुपारी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "चेहरा काय झालाय," ती म्हणाली. "मुलगी बघायला आला होतात तेव्हासुद्धा एवढे घाबरला नव्हता."

वारज्याच्या सोसायटीत दार उघडलं ते रझिया नावाच्या तरुण मुलीने. ॲम्प तिचाच होता. आयटीत नोकरीला होती, आधी मित्रमैत्रिणींबरोबर बॅंडमध्ये वाजवायची, आणि आता सातवा-आठवा महिना असावा अशी जपून चालत होती. "या ना काका, या मावशी. सॉरी हां, घरात खूप पसारा आहे. ॲक्चुअली मला विकायचा नाहीये तो," तिने दारातच सांगून टाकलं, "पण त्या कोपऱ्यात पाळणा बसवायचाय, आणि अम्मी म्हणते, दोन्ही नाही मावणार." कोपऱ्यात तो होता. फोटोत वाटला त्याहून मोठा, गव्हाच्या पोत्याएवढा ऐसपैस. मनीप्लांट खिडकीत गेला होता. रझियाने वायर दिली, बटणं दाखवली, आणि काका कुठे वाजवायचे असं विचारलं. कादरभाईंची पार्टी तिने ऐकलेली असणं शक्यच नव्हतं, तिच्या जन्माआधीच ती बंद पडली होती, पण तिने भुवया उंचावून "ओ, लाइव्ह ऑर्केस्ट्रा! भारीच की!" असं म्हटलं आणि ते अगदी मनापासून म्हटलं. वासंती मागच्या सोफ्यावर बसली, मांडीवर पर्स, पर्सवर हात. सर्जेराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ॲम्पकडे तोंड करून बसला, म्हणजे तिच्याकडे पाठ करून. हे त्याने मुद्दाम केलं. तिचा चेहरा बघत वाजवणं त्याला जमलं नसतं.

पहिला सूर सुटला आणि खिडकीची काच बोलली. सर्जेरावने डोळे मिटले. इतकी वर्षं त्याचा आवाज साड्यांतून, रजयांतून, नाहीतर माइकवाल्याच्या मर्जीतून गाळून आलेला त्याने ऐकला होता. हा उघडा होता. बोट तारेवरून सरकताना होणारी खरखर, सूर उमटताना आणि विझताना होणारा श्वासासारखा काहीतरी प्रकार, सगळं त्यात होतं. त्याला आधी लाज वाटली आणि मग नाही वाटली. तो जुनं एक गाणं वाजवू लागला, ज्यावर गायिकेला नेहमी वन्समोअर मिळायचा. गाणं त्याच्या डोक्यात चाललं होतं आणि खोलीत फक्त त्याचा तळ चालला होता. फरशी भरून येत होती, खुर्चीचे पाय भरून येत होते. पाठीमागे काय चाललंय हे पाठीने कळावं म्हणून तो पाठ ताठ करून बसला होता. तिने पर्स बाजूला ठेवली असेल? मान डोलत असेल? की ती खिडकीतल्या मनीप्लांटकडे बघत, हा माणूस सुरू कधी करणार म्हणून वाट बघत बसली असेल? या विचाराने त्याचं लक्ष गेलं, आणि अंतरा संपवून वर यायच्या जागी बोट एक घर आधीच पडलं. बारीकशी चूक. हजार माणसांत कुणाला कळली नसती. रझिया डोळे मिटून मान हलवत होती, तिलाही कळली नाही.

"चुकलात," मागून वासंती म्हणाली.

सर्जेरावच्या अंगावर सर्रकन काटा आला. आयुष्यात त्याचं खूप कौतुक झालं होतं अशातला भाग नव्हता, पण जे काही झालं होतं ते सगळं एका पारड्यात टाकलं असतं तरी हा एक शब्द भारी पडला असता. चुकलो! अगदी बरोबर चुकलो! तो खुर्चीतच गर्रकन वळला. गिटारचं टोक ॲम्पवर आपटलं आणि खोलीभर हुंकार उठला. "तुला ऐकू आलं?" इतक्या दिवसांचा दाबून धरलेला प्रश्न असा भसकन, परक्या घरात, परक्या मुलीसमोर बाहेर पडला. रझियाने त्याच्याकडे पाहिलं, वासंतीकडे पाहिलं आणि ती "मी चहा टाकते हां," म्हणून आत गेली. शहाणी मुलगी.

वासंती त्याच्या ओठांकडे बघत होती. मग तिने नजर वर उचलली. "नाही," ती म्हणाली.

ॲम्पचा हुंकार अजून चालूच होता. सर्जेरावने हात मागे नेऊन तारा धरल्या.

"पायाखालून काहीतरी जातंय," ती म्हणाली. "जिन्यावरून कुणी गॅसचा सिलिंडर गडगडत नेतंय तसं. आवाज मोठा आहे, ते कळतं. पण सूर नाही कळत. वर्ष होऊन गेलं असेल. आधी वाटलं, मळ असेल."

"मग मी चुकलो ते?"

"तुमचा डावा खांदा." तिने स्वतःचा खांदा जरासा उचलून दाखवला. "चुकलात की वर जातो. कायमचा आहे. मागून एवढं दिसतं, समोरून तर सगळंच दिसतं. हल्ली मी खुर्ची घेऊन तुमच्या समोर येऊन बसते ती काय तुमच्या रूपावर भाळून?"

त्याला खरंच तसं वाटलं होतं. उतारवयात प्रेमाला पालवी फुटते म्हणतात, तसं काहीतरी असेल असं समजून तो मनातल्या मनात फुशारला होता. हे आता तिला सांगायची सोय नव्हती. "बोलली का नाहीस?" तो म्हणाला. आवाज त्याला चढवायचा नव्हता, पण चढला. मग त्याच्या ध्यानात आलं की चढवायची गरज नाही, फक्त तोंड तिच्याकडे हवं.

"बोलले असते तर तुम्ही गिटार पलंगाखाली टाकली असतीत. ओळखते मी तुम्हाला. कुणासाठी वाजवायचं म्हणून दिवसभर पेपर वाचत बसला असतात." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि सोडला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच कोरडा होता, आणि तो आवाज तिला स्वतःला कितपत ऐकू येत असेल, असं सर्जेरावच्या मनात येऊन गेलं. तो तिच्यापासून आपलं कळणं लपवत होता आणि ती त्याच्यापासून आपलं न कळणं. एका फ्लॅटमध्ये राहून दोघांनी हे इतकं बेमालूम कसं जमवलं, याचं त्याला नवलही वाटलं.

"डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला.

"जाऊ. मशीन लावा म्हणाला तर तेही लावीन. त्याने काय ऐकू येईल ते येईल."

"मग हा राहू दे." त्याने ॲम्पकडे मान केली. "तुझ्यासाठीच बघत होतो. मला कपाट पुरतं. उगाच एवढं धूड घरात कशाला?"

वासंतीने त्याचं बोलणं नीट पाहून घेतलं. स्वयंपाकघरात कपबशांची हालचाल चालली होती, त्याला ती ऐकू येत होती आणि तिला येत नव्हती. तिने उठून ॲम्पच्या कोपऱ्यावरची धूळ पदराने पुसली, घरच्या वस्तूची पुसावी तशी.

"घ्या हा," ती म्हणाली. "बिल्डिंगला कळू दे, इतकी वर्षं मी एकटीच काय ऐकत होते ते."

रझिया चहा घेऊन आली. त्याने नुसती मान हलवली आणि बोटाने ॲम्प दाखवला, आणि तिला ते कळलं. मग त्याने खुर्ची उचलून फिरवली, वासंतीच्या अगदी समोर घेतली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला, आणि गाणं पहिल्यापासून वाजवायला घेतलं.